हिटलरच्या काळातलं बर्लिन पायी बघायचंय? मग बंकरपासून सुरुवात करू नका

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये तीन दिवस बर्लिनला येताय, सोबत नववीतली मुलगी आणि सासूबाई आहेत, हिटलरच्या काळातलं बर्लिन चालत बघायचंय, तर हिटलरनं शेवटचे दिवस काढले तो जमिनीखालचा बंकर नक्की कुठंय, टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं, आणि मुलीला हे सगळं झेपेल का. मी बरीच वर्षं इथं राहते आणि आपल्याकडून आलेल्या लोकांना हेच रस्ते चालवत दाखवते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

बंकरचं आधी सांगून टाकते कारण दहातले आठ जण तेच विचारतात. तो आता एका पार्किंगखाली आहे, आजूबाजूला पूर्व जर्मनीच्या शेवटच्या वर्षांत बांधलेल्या बिल्डिंगी, गाड्या लावलेल्या, आणि एक माहितीचा बोर्ड, तोही २००६ मध्ये लावलेला. आत जाता येत नाही, बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, तिथं कुणी हारतुरे घेऊन येऊ नये म्हणून. तुम्ही तिथं जाल तेव्हा बोर्ड वाचून झाला की रस्त्याच्या नावाची पाटी बघा. गेरट्रूड कोल्मार ही बर्लिनचीच ज्यू कवयित्री, तिचं नाव त्या रस्त्याला दिलंय. तिला आधी कारखान्यात सक्तीनं कामाला लावलं आणि १९४३ च्या मार्चमध्ये पोलंडमधल्या आउशवित्झ या मृत्युछावणीच्या गाडीत बसवलं, तिथून ती परत आली नाही. ३० एप्रिल १९४५ ला हिटलरनं आत्महत्या कुठं केली यापेक्षा ही पाटी मला जास्त महत्त्वाची वाटते.

आता माझं खरं म्हणणं. बर्लिनमधली हुकूमशाही समजून घ्यायची तर फिरण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण ब्रांडेनबुर्ग गेटपासून सुरू करतात, मोठं ज्यू स्मारक, मग बंकर, मग चेकपॉइंट चार्ली, आणि संध्याकाळी डोक्यात नुसती खिचडी. त्यापेक्षा आधी एक साधी राहती वस्ती बघा, मग जिथून हुकूम निघाले ती ऑफिसं, मग त्या हुकमांना ज्यांनी आपापल्या परीनं अडवलं ती माणसं, आणि मग रेल्वे स्टेशन. तेव्हा घडलंही याच क्रमानं, एकेक पायरी करत.

पहिला दिवस बायरिशेस फिअरटेल या भागाला द्या. शोनेबेर्गमधला हा मध्यमवर्गीय भाग, डॉक्टर, वकील, प्रोफेसर असली मंडळी राहायची, आइनस्टाइनचं घर इथंच हाबरलांडश्ट्रासेवर होतं. बायरिशर प्लात्झ स्टेशनला उतरा, यू४ आणि यू७ या दोन्ही मेट्रो जातात. बाहेर आलात की सुरुवातीला काहीच वेगळं दिसणार नाही, झाडं, बेकरी, सायकली, बाळांच्या गाड्या. मग विजेच्या खांबांकडे मान वर करून बघा. खांबांवर छोट्या पाट्या आहेत, एका बाजूला रंगीत साधं चित्र, दुसऱ्या बाजूला एक-दोन ओळींचा मजकूर. रेनाटा श्टि आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी १९९३ मध्ये अशा ८० पाट्या लावल्या, आणि प्रत्येकीवर ज्यू लोकांवर घातलेला एकेक नियम आहे, बहुतेकांवर तारीखसुद्धा.

एका पाटीवर पावाचं चित्र. मागे लिहिलंय, बर्लिनमधल्या ज्यूंनी किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळातच घ्यायचा, ४ जुलै १९४०. म्हणजे बाकी सगळ्यांचं घेऊन झाल्यावर, दुकानात उरलंसुरलं असेल तेव्हा. थर्मामीटरच्या पाटीमागे ज्यू डॉक्टरांनी प्रॅक्टिस करायची नाही, जुलै १९३८. पोहायच्या चड्डीमागे पोहण्याच्या तलावांवर बंदी, डिसेंबर १९३८. याच चौकातल्या बाकांबद्दल एक आहे, ज्यूंनी फक्त पिवळी खूण केलेल्या बाकांवर बसायचं. टेलिफोनचं कनेक्शन १९४० मध्ये तोडलं. मांजराची पाटी आहे, १९४२ मध्ये घरात पाळीव प्राणी ठेवायलासुद्धा बंदी आली. शाळेतली लहान मुलं सोबत असली की ती या मांजराशीच थांबतात, मग त्या मांजराचं काय झालं हे विचारतात, आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

या पाट्या नीट तारखा बघत वाचा, चित्रं बघून पुढे जाऊ नका. सगळ्यात जुन्या १९३३ च्या आहेत, हिटलर जानेवारीअखेर चॅन्सेलर झाला आणि १ एप्रिलला महापालिकेच्या शाळांतल्या ज्यू शिक्षकांना घरी बसवायचा हुकूम निघाला. तेव्हापासून आठ वर्षं एकेक गोष्ट काढून घेत गेले, गाण्याचे क्लब, बाक, फोन, आणि यातली कुठलीही एक गोष्ट सुटी घेतली तर शेजाऱ्याला वाटावं की एवढ्यासाठी कशाला बोलायचं. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये देश सोडून जायलाच बंदी केली, म्हणजे आधी जा जा म्हणून छळलं आणि मग दार बंद केलं. आणि एक पाटी शोधूनच काढा, तारीख १६ फेब्रुवारी १९४५, मजकूर असा की ज्यूविरोधी कारवायांची सगळी कागदपत्रं नष्ट करावीत. आपण काय केलंय हे त्या ऑफिसांना पुरतं ठाऊक होतं, हे या एका ओळीत लेखी आहे.

या पाट्या लावायला सुरुवात झाली तेव्हा रहिवाशांनी पोलिसांना फोन केले, कारण त्यांना वाटलं कुणीतरी खरोखरच नवीन ज्यूद्वेषी प्रचार करतंय. मग प्रत्येक पाटीखाली हे स्मारक आहे असं सांगणारी छोटी पट्टी जोडली. तुम्हाला जर्मन येत नसेल तर फोनवर कॅमेऱ्यानं भाषांतर होतं, वाक्यं छोटी आहेत, अडत नाही. दोन-अडीच तास लागतात, सपाट रस्ता आहे आणि बसायला जागा भरपूर, सासूबाईंना काही त्रास नाही. शक्ती उरली तर शोनेबेर्गच्या टाउन हॉलपर्यंत चालत जा, तिथं 'आम्ही शेजारी होतो' नावाचं कायमचं प्रदर्शन आहे, इथल्या एकेका माणसाचा एकेक अल्बम, टेबलावर बसून निवांत चाळायचा.

चालताना फूटपाथवर पितळी चौकोन दिसतील, दहा बाय दहा सेंटिमीटरचे, ते श्टोल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागायचे दगड. गुंटर डेमनिग या कलावंतानं नव्वदच्या दशकात सुरू केलेलं काम, आता युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. इथं राहत होता, नाव, जन्मसाल, कधी पाठवलं, कुठं मारलं, एवढंच त्यावर असतं. एकाच दारापुढे पाच-सहा चौकोन असतील तर जन्मसालं बघा, आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर तिथं असतं.

दुसऱ्या दिवशी विल्हेल्मश्ट्रासे. उंटर डेन लिंडनच्या टोकापासून दक्षिणेकडे सरळ चालत यायचं, दीड किलोमीटरच्या आसपास अंतर, पण वाचत वाचत अर्धा दिवस जातो. हा सरकारी ऑफिसांचा रस्ता होता, फूटपाथवर काचेचे बोर्ड आहेत, कुठं कुठली इमारत होती त्याचे फोटो त्यावर. बॉम्बिंगनं आणि नंतरच्या पाडापाडीनं बरंचसं गेलं, पण गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाचा एक भाग उभा आहे आणि त्यात आज कामगार मंत्रालय आहे. हिटलरचा आर्किटेक्ट श्पेअर यानं बांधलेली नवी चॅन्सेलरी, म्हणजे हिटलरचं सरकारी कार्यालय, १९३९ च्या सुरुवातीला तयार झाली होती, तिचा आता मागमूस नाही, तिच्या जागी राहत्या बिल्डिंगी आहेत.

तिथंच वर बघितलंत तर एका माणसाच्या चेहऱ्याची कडा दिसेल, सतरा मीटर उंच, स्टीलची, संध्याकाळी उजळते. तो गेओर्ग एल्सर. साधा सुतार, कुठल्या गटाचा नाही, कुणाचा पाठिंबा नाही, त्यानं म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये रात्री लपून राहून खांब पोखरला आणि त्यात स्वतः बनवलेला बॉम्ब ठेवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला हिटलर भाषण आटपून लवकर निघाला, आणि तेरा मिनिटांनी स्फोट झाला. एल्सरला डाखाउच्या छळछावणीत १९४५ च्या एप्रिलमध्ये गोळी घातली, युद्ध संपायला महिना राहिला असताना. त्याचं हे स्मारक बंकरपासून दोन-तीन मिनिटांवर आहे. मी लोकांना आधी इथं उभं करते, बंकरच्या पार्किंगकडे नंतर नेते, आणि तुम्हीही तसंच करा.

पुढे लाइपत्सिगर श्ट्रासेच्या कोपऱ्यावर ती अवाढव्य करडी इमारत, गोअरिंगचं हवाई मंत्रालय, १९३६ मध्ये पुरी झाली, दोन हजारांच्या आसपास खोल्या. आज तिथं अर्थ मंत्रालय बसतं. याच इमारतीत हारो शुल्झे-बॉयसन नावाचा हवाई दलाचा अधिकारी नोकरी करत होता आणि इथूनच माहिती बाहेर पाठवत होता, त्याला आणि त्याच्या बायकोला १९४२ च्या डिसेंबरमध्ये प्लोत्झेनझे तुरुंगात मारलं.

कोपरा वळलात की टोपोग्राफी देस टेरर्स हे प्रदर्शन केंद्र. इथं गेस्टापो या गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं, शेजारच्या हॉटेलात एसएस या नाझी दलाचे वरिष्ठ बसायचे, म्हणजे अख्ख्या युरोपभरच्या अटका आणि हत्यांचा कारभार या एका ब्लॉकमधून चालायचा. गेस्टापोची बिल्डिंग मुळात कलाशाळेची, तिथं चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे, त्यांनी ती ताब्यात घेऊन वरती ऑफिसं केली आणि खाली कोठड्या. युद्धानंतर ती पाडली आणि पुढे कित्येक वर्षं त्या जागेवर बांधकामाचा राडारोडा होता, लोक विना लायसन्स गाडी चालवायचा सराव करायला यायचे. ऐंशीच्या दशकात नागरिकांनीच रेटा लावला, खोदलं, तेव्हा कोठड्यांचा पाया सापडला. शहरानं ही जागा आपणहून आठवणीत ठेवली असं समजू नका, लोकांना त्यासाठी भांडावं लागलं. आत्ताचं केंद्र २०१० चं आहे, प्रवेश फुकट.

आतलं प्रदर्शन मोठं आहे, सगळं वाचायला गेलात तर दमाल. मी सांगते की फक्त चेहरे बघा. टेबलामागे बसलेली, नीट भांग पाडलेली, बरीचशी तिशी-चाळिशीतली शिकलेली माणसं, कितीतरी जण कायद्याचे पदवीधर. आणि शेवटचा भाग सोडू नका, युद्धानंतर यातल्या कुणाचं काय झालं तो, कारण बऱ्याच जणांचं फारसं काहीच झालं नाही. बाहेर रस्त्यालगत जी भिंत दिसते ती १९६१ ची बर्लिनची भिंत, तो वेगळा इतिहास, त्याच दिवशी त्यात शिरू नका.

मोठं ज्यू स्मारक, ते करड्या काँक्रीटच्या २,७११ चौथऱ्यांचं, याच रस्त्याजवळ आहे, २००५ मध्ये उघडलं. वरचं सगळे बघतात, खालचं माहिती केंद्र मात्र बरेच जण चुकवतात, आणि खरं बघायचं ते खाली आहे, वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा कुटुंबांची कहाणी एका खोलीत आणि दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत एकेक नाव वाचून दाखवत असतात. सोमवारी बंद असतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, चौथऱ्यांवर चढायचं नाही, उड्या नाहीत, पोज देऊन फोटो नाहीत.

दुपारनंतर पाय शिल्लक असतील तर हाकेशर मार्क्टला जा. रोझेनथालर श्ट्रासे ३९, आत बोळात ओटो वाइड्टचा कारखाना, छोटंसं म्युझियम आहे. वाइड्टची स्वतःची नजर जवळजवळ गेलेली, त्यानं झाडू आणि ब्रश बनवायचा धंदा काढला आणि अंध, बहिऱ्या ज्यू कामगारांना कामाला ठेवलं. सैन्याला ब्रश पुरवतो, म्हणजे युद्धाला लागणारा माल बनवतो, म्हणून माझ्या कामगारांना हात लावू नका, असं तो अधिकाऱ्यांना सांगायचा, लाच द्यायचा, खोटे कागद मिळवायचा. सगळ्यात शेवटची खोली बघा, खिडकी नाही, दारापुढे कपाट होतं, त्यामागे हॉर्न नावाचं कुटुंब महिनोन् महिने लपून राहिलं. ते वाचले नाहीत. पण अॅलिस लिश्ट ही त्याच्या ऑफिसातली मुलगी वाचली, तिला नेल्यावर वाइड्ट तिच्या शोधात थेट आउशवित्झपर्यंत गेला होता. त्या खोलीत चार माणसं उभी राहिली तरी दाटी होते.

तिथून पाच-सात मिनिटांवर रोझेनश्ट्रासे. २७ फेब्रुवारी १९४३ ला कारखान्यांत उरलेल्या ज्यू कामगारांना एका झटक्यात पकडलं, गेरट्रूड कोल्मार त्याच धरपकडीत गेली. त्यातले ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या असे सुमारे दोन हजार जण या गल्लीतल्या इमारतीत कोंडले, आणि त्यांच्या बायका बाहेर रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, रोज, आमची माणसं परत द्या म्हणून. राजधानीच्या मधोमध, युद्ध चालू असताना. त्यांची माणसं सुटली. त्यांच्यामुळेच सुटली की त्यांना पाठवायचा बेतच तेव्हा नव्हता, यावर इतिहासकारांत वाद आहे, पण तिथं उभं राहताना आपल्यावर मशीनगन चालणार नाही याची खात्री त्यातल्या एकीलाही नव्हती. लाल दगडाचं शिल्प आहे बागेत, दहा मिनिटं बसा.

तिसरा दिवस, सकाळी एस७ ही लोकल पकडून ग्रुनेवाल्ड स्टेशन, फलाट १७. भोवती श्रीमंत बंगल्यांची वस्ती आणि जंगल. ऑक्टोबर १९४१ पासून इथून गाड्या सुटायला लागल्या, पहिली १८ ऑक्टोबरला पोलंडमधल्या लॉड्झकडे. त्या लोकांना आधी लेवेत्सोश्ट्रासेच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, गोळा केलं आणि तिथून शहरातून चालवत इथं आणलं, सामान हातात, भर वस्तीतून. रेल्वेनं १९९८ मध्ये फलाटाच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या बसवल्या, प्रत्येक गाडीची एक, तारीख, माणसं किती, कुठून कुठं. १८६ पट्ट्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वाचा, सुरुवातीला आकडे हजाराच्या आसपास, मग पन्नास, शंभर, आणि १९४५ पर्यंत येता येता अगदी थोडे. रशियन फौजा बर्लिनच्या उंबरठ्यावर आल्या होत्या, सैन्याला गाड्या पुरत नव्हत्या, तरी या गाड्या वेळापत्रक लावून निघत होत्या. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये साधारण १,६०,००० ज्यू होते, त्यातल्या पन्नास हजारांहून जास्त माणसांना पाठवून मारलं.

इथून दोन रस्ते आहेत. बहुतेक जण त्याच एस७ नं वानझेला जातात, स्टेशनवरून ११४ नंबरची बस तळ्याकाठच्या बंगल्यापाशी सोडते, २० जानेवारी १९४२ ला पंधरा अधिकारी तिथं साधारण दीड तास बसले आणि युरोपभरच्या ज्यूंना मारण्याचं काम कुठल्या खात्यानं कसं वाटून घ्यायचं ते ठरवलं. कत्तली त्याआधीच सुरू झालेल्या होत्या. चांगलं म्युझियम आहे, जरूर जा.

पण मराठी माणसाला मी दुसरा रस्ता सुचवते, डालेम. यू३ नं फ्राये उनिव्हर्सिटेट स्टेशनला उतरायचं आणि इनेश्ट्रासे २२ ला जायचं. आज तिथं राज्यशास्त्र शिकवतात, तेव्हा ती मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. याच संस्थेत १९२० च्या दशकाच्या शेवटी समाजशास्त्रज्ञ, लेखिका इरावती कर्वे पीएचडी करायला आल्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर, संस्थेचे संचालक, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. फिशर यांचा सिद्धांत असा की गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू कमीजास्त असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीचं मोठेपण आहे, आणि इरावतीबाईंना काम दिलं ते कवट्या मोजून हे तपासायचं. त्यांनी मोजमाप केलं आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. परक्या देशात एकटी बाई, गाइड खुद्द संचालक, आणि निष्कर्ष त्याच्या विरुद्ध. हे नाझी सत्तेवर यायच्या आधीचं, त्या तोपर्यंत पुण्याला परतल्या होत्या. पुढे याच संस्थेनं नसबंदीच्या सक्तीला शास्त्राचा शिक्का दिला, आणि युद्धात छावणीतला डॉक्टर योसेफ मेंगेले आउशवित्झहून मेलेल्या माणसांचे अवयव याच पत्त्यावर पाठवत होता. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना मानवी हाडांचे तुकडे सापडले, हजारो निघाले, एकेकाची ओळख पटवता येईना, बरीचशी वसाहतींतून आणलेल्या संग्रहातली असावीत, नाझी गुन्ह्यांतली नसतीलच असंही म्हणता येईना. शेवटी २०२३ मध्ये डालेमच्याच स्मशानभूमीत त्यांचं दफन केलं. भिंतीवर स्मृतिफलक आहे. इरावती कर्वे यांच्याबद्दल आपण पुण्यात इतकं बोलतो, पण हा दरवाजा बघून आलेलं मराठी माणूस मला क्वचित भेटतं.

झाक्सेनहाउझेनची छळछावणी तीन दिवसांत कोंबू नका, तिला आख्खा दिवस लागतो, एस१ नं ओरानियेनबुर्ग, तिकीट एबीसी झोनचं, स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालणं आणि आत उघडं मैदान, वारा. सासूबाईंना जड जाईल. प्लोत्झेनझेचा फाशीचा शेडही मुलीला घेऊन जाऊ नका, एकट्यानं गेलात तर ठीक, आत दोन खोल्या आणि तुळईला आकडे आहेत, २,८०० हून जास्त माणसांना त्या तुरुंगात मारलंय. बाकी वर सांगितलेलं सगळं नववीतल्या मुलीला झेपतं, फक्त एका दिवसात चार तासांच्या वर नको आणि रात्री तिला प्रश्न विचारायला वेळ ठेवा.

टूरचं म्हणाल तर विल्हेल्मश्ट्रासेसाठी घ्या, तिथं मूळ इमारती कमी उरल्यात, सांगणारा लागतो. बायरिशेस फिअरटेल आणि फलाट १७ आपलं आपण, तिथं कुणाच्या आवाजाची गरज नाही. हिटलरची नक्कल, सलाम, गंमत म्हणूनसुद्धा नको, इथं तो गुन्हा आहे आणि फोटोसाठी हात वर केला म्हणून पर्यटकांना पोलिसांनी धरलेलं आहे. गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट किंवा पिशवीवर स्वस्तिक असेल तर या तीन दिवसांत बाहेर घालू नका. आपल्या मनात शुभच असतं हे खरं, पण शेजारी उभा असलेला माणूस तिथं कदाचित स्वतःच्या आजोबांचं नाव शोधायला आलेला असतो. एबी झोनचा दिवसाचा पास काढला की वानझे, डालेम, ग्रुनेवाल्ड सगळं त्यात बसतं. ग्रुनेवाल्डला जाताना पाण्याची बाटली सोबत घ्या, फलाटावर काही मिळत नाही, आणि वेळा निघायच्या आदल्या रात्री एकदा तपासा.